बघ्या आणि शाहिद

काटोलच्या आमच्या मशिदीत मगरिबनंतर मकतब भरतो. नाजिरा आणि दुआ संपल्या की मोठी मुले दप्तरातून शाळेची पुस्तके बाहेर काढतात, कारण मौलानांनी मराठी घेऊन बी.ए. केले आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे. इंग्रजीत मौलानांची मजल फारशी नाही, हे मात्र त्यांना अद्याप कळलेले नाही. काही दिवसांपूर्वी दहावीच्या एका मुलाने उताऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवले : 'बायस्टँडर'. "मौलाना, याले मराठीत काय म्हणतात?" मी जरा थांबून 'बघ्या' असे सांगितले. त्याने वहीत लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मी मात्र त्या शब्दापाशी अडकून राहिलो.

पाहणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. मैदानावर क्रिकेटचा सामना पाहतो तो स्पेक्टेटर. निवडणूक आयोग मतदारसंघात अधिकारी पाठवतो तो ऑब्झर्व्हर. त्याला आपण निरीक्षक म्हणतो. त्याचे पाहणे हे नेमून दिलेले काम असते आणि त्याला त्याचा अहवाल द्यावा लागतो. रस्त्यात काही घडले की भोवती गोळा होतो तो ऑनलुकर. न्यायालयात उभा राहतो तो विटनेस. या सर्वांहून बायस्टँडर हा शब्द चमत्कारिक आहे, कारण त्यात डोळ्यांचा उल्लेखच नाही. त्याचा सरळ अर्थ 'बाजूला उभा असलेला' एवढाच. तो तेथे आहे, पण त्या घटनेचा नाही. वर्तमानपत्रांत तर त्याच्यामागे बहुधा 'इनोसंट' हे विशेषण जोडलेले असते. तो निर्दोष आहे, असे तो शब्द आधीच सांगून टाकतो. दोन गटांच्या गोळीबारात वाटेने जाणारा माणूस सापडला, तर हे विशेषण योग्यच आहे. परंतु दहा पावलांवर कोणी तडफडत असताना जो बाजूला उभा आहे, त्यालाही ते लागू पडते काय?

आपली मराठी या बाबतीत अधिक परखड आहे. 'बघ्या' हा शब्द उच्चारताच त्यातली नापसंती ऐकू येते. 'पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली' असे बातमीत छापले जाते, तेव्हा ती तक्रार असते. तमाशा या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. तो अरबीतल्या 'चालणे' या अर्थाच्या धातूपासून निघाला. सोबतीने फेरफटका मारणे, हिंडत पाहणे, असे अर्थ घेत तो फारसीतून आपल्याकडे आला आणि महाराष्ट्रात एका लोककलेचे नाव झाला. उर्दूत तमाशबीन म्हणजे तमाशा पाहणारा. दुसऱ्याचे संकट ज्याच्यासाठी फेरफटक्यातली करमणूक आहे, तो तमाशबीन.

आणि मराठीतच साक्षी हा शब्द आहे. स आणि अक्ष, म्हणजे डोळ्यांसह असलेला. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. बघ्याही डोळ्यांनीच पाहतो, साक्षीही डोळ्यांनीच पाहतो. मग दोघांत अंतर कोठे पडते?

अरबीत शीन, हा आणि दाल या तीन अक्षरांतून एक शब्दकुळ निघते. शहिदा म्हणजे हजर राहिला, त्याने पाहिले. आणि त्याच शब्दाचा अर्थ त्याने ग्वाही दिली, असाही होतो. शाहिद हा पाहणाराही आहे आणि साक्ष देणाराही. ज्या कलिम्याने माणूस इस्लाममध्ये येतो, तो शहादत. ज्याने सत्याची ग्वाही प्राण देऊन पुरी केली, तो शहीद. अल्लाहच्या शुभनामांत अश्-शहीद हेही एक नाव आहे. ज्याच्यापासून काहीही ओझल नाही असा. या कुळात पाहणे आणि बोलणे यांच्यामध्ये बाजूला उभे राहायला जागाच ठेवलेली नाही. ज्याने पाहिले, त्याच्यावर एक अमानत येऊन पडली. ती पोहोचवली तर तो शाहिद. दाबून ठेवली तर सूरह बकराच्या 283 व्या आयतीत त्याच्यासाठी कठोर शब्द आला आहे : साक्ष लपविणाऱ्याचे हृदय गुन्हेगार असते, असा तिचा आशय आहे. जीभ गप्प राहिली, पण गुन्हा हृदयाच्या नावे लिहिला गेला. मुफस्सिरांनी या 'हृदया'वर पुष्कळ विचार केला आहे. मला त्यातले एवढेच उमगते की गप्प बसण्याचा निर्णय जिभेवर होत नाही, आत कोठेतरी होतो.

ही केवळ शब्दांची चर्चा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापार पोलिसांच्या हद्दीत, एक पती-पत्नी मोटारसायकलवरून गावी चालले होते. राखीचा सण होता. ट्रकच्या धडकेत पत्नी जागीच गेली. ट्रक निघून गेला. पतीने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडले, पण कोणी थांबले नाही, असे त्याने सांगितले. शेवटी त्याने पत्नीचा मृतदेह आपल्याच मोटारसायकलला बांधला आणि तो निघाला. पुढे महामार्ग पोलिसांनी त्याला थांबवले. ते चित्रण देशभर पाहिले गेले. आमच्या काटोलमध्येही ते प्रत्येक मोबाईलवर होते. चहाच्या टपरीवर, बसस्थानकावर लोक हळहळत होते आणि 'माणुसकी राहिली नाही' असे म्हणत होते. मीही म्हणालो. मग मला एका गोष्टीची आठवण झाली आणि मी गप्प झालो.

काही वर्षांपूर्वी मी एसटीने नागपूरला जात होतो. संत्र्याचा हंगाम होता, रस्त्यावर मालाच्या गाड्यांची वर्दळ होती. रस्त्याच्या कडेला एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. शेजारी एक म्हातारा डोके धरून बसला होता आणि भोवती पाच-सहा जण उभे होते. बसचा वेग कमी झाला. खिडकीकडची सगळी डोकी वळली, त्यांत माझेही होते. 'इतके लोक आहेत, कोणीतरी नेईलच,' असे मी मनाशी म्हणालो आणि त्याच्यासाठी दुआ केली. बस पुढे गेली. त्या म्हाताऱ्याचे काय झाले, मला आजही माहीत नाही. माझ्या खिशात फोन होता. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि त्यासाठी बसमधून उतरावेही लागत नाही. मी दुआ केली, फोन केला नाही.

'कोणीतरी नेईलच' या दोन शब्दांवर अमेरिकेत एक मोठे संशोधन उभे राहिले आहे. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीची रात्री हत्या झाली. 38 शेजारी पाहत राहिले आणि कोणी हलले नाही, असे तेथील एका मोठ्या वृत्तपत्राने छापले. हा आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झाले आणि त्या वृत्तपत्रानेही ते मान्य केले. (बघ्यांविषयीची बातमीही कोणी नीट पाहून लिहिली नव्हती, हा त्यातला विनोद.) पण त्या घटनेने अस्वस्थ होऊन डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वतंत्र खोल्यांत बसवून यंत्रावरून आपसांत बोलायला लावले. मध्येच एकाला झटका येत असल्याचा आवाज ऐकवला गेला. 'ऐकणारा मी एकटाच आहे' असे ज्यांना वाटत होते, त्यांतले 85 टक्के त्याचा आवाज बंद पडण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांतले तेवढ्या वेळात 31 टक्केच उठले. माणसे निर्दय नव्हती. प्रयोग संपल्यावर न उठलेल्यांचे हात थरथरत होते, असे त्या दोघांनी नोंदवले आहे. डोळे वाढले तशी जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला एवढी थोडी आली की ती कोणालाच जाणवली नाही.

हे वाचताना मला फिक्हचा एक धडा आठवला. फर्ज दोन प्रकारचे असतात. फर्जे ऐन प्रत्येकाला स्वतःच अदा करावे लागते. फर्जे किफाया काहींनी अदा केले की बाकीचे मोकळे होतात. जनाजाची नमाज हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. बुडणाऱ्याला वाचविणे, संकटात सापडलेल्याला मदत करणे हेही फर्जे किफायाच आहे. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण या नियमाचा उरलेला अर्धा भाग आपण विसरतो. कोणीच ते अदा केले नाही, तर सर्वच गुन्हेगार ठरतात. गुन्हा संख्येने भागला जात नाही, तो प्रत्येकाच्या नावे पुरताच लिहिला जातो. आणि जेथे मदत करू शकणारा एकच माणूस असेल, तेथे तेच किफाया त्याच्यासाठी ऐन होते. बसच्या खिडकीत बसून मी फर्जे किफायाचा पहिला अर्धा भाग आठवला, दुसरा सोयीने विसरलो. मी तर हा धडा मुलांना शिकवतो.

फुकहांनी याबाबत किती बारकाईने विचार केला आहे, ते दर्से निजामीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकवल्या जाणाऱ्या 'नूरुल ईजाह' या छोट्या ग्रंथातही दिसते. संकटात सापडलेला माणूस नमाज पढणाऱ्याला हाक मारत असेल, तर नमाज तोडणे वाजिब आहे. एका दिरहमाएवढी वस्तू चोरीला जात असेल, मग ती दुसऱ्याची का असेना, नमाज तोडण्याची मुभा आहे. ज्या वेळी बंदा आपल्या रबच्या समोर उभा आहे, ज्या वेळी इकडेतिकडे पाहणेही योग्य नव्हे, त्या वेळीसुद्धा त्याला 'मी या घटनेच्या बाहेरचा आहे' असे म्हणता येत नाही. मग रस्त्याच्या कडेला उभे राहून ते कसे म्हणता येईल?

सहाबांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यांवर बसण्यापासून सावध केले, तेव्हा ते म्हणाले की आमच्या बैठकी तेथेच होतात, त्याला आमचा इलाज नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्क अदा करण्याची अट घातली. नजर खाली ठेवणे, त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, चांगले सांगणे, वाईटापासून रोखणे हे ते हक्क. अबू दाऊदच्या रिवायतीत पीडिताची मदत करणे आणि वाट चुकलेल्याला वाट दाखविणे यांचीही भर आहे. आमच्या काटोलच्या नाक्यानाक्यावर, पानठेल्यांपुढे संध्याकाळी बैठकी जमतात. रस्त्यालाही हक्क असतो आणि तो बसणाऱ्याकडून येणे असतो, ही कल्पना तेथे कधी पोहोचवली गेली आहे काय? आम्ही इमाम तरी ती कितीदा सांगतो?

आता एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपल्या घराघरांत आया मुलांना बजावतात : "कुठं काही झालं तर थांबू नको, सरळ घरी ये." ही ताकीद निर्दयतेतून आलेली नाही, भीतीतून आलेली आहे. दाढी आहे, नाव असे आहे, मदत करायला गेलास आणि आळ तुझ्यावरच आला तर? या भीतीला मी हसत नाही. कित्येक घरांत तिला आधार आहे. पण भीतीला उत्तर कोठे आहे, हेही आपल्याला माहीत असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्हेतूने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. सप्टेंबर 2020 च्या नियमांनुसार पोलिसांना त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि रुग्णालयाला त्याला अडकवून ठेवता येत नाही. त्याच नियमांत असेही आहे की, अशा माणसाशी धर्म, राष्ट्रीयत्व, जात किंवा लिंग यांवरून भेदभाव न करता आदराने वागले पाहिजे. कागदावरचा नियम आणि रस्त्यावरचा अनुभव यांत अंतर असते, हे मी जाणतो. तरी नियम ठाऊक असलेल्या माणसाची भीती थोडी कमी होते. हे कलम मराठीत लिहून आम्ही मशिदीच्या फलकावर लावले आहे.

साक्ष देण्याची किंमत मात्र कधी कधी याहून फार मोठी असते. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याच्या थोडे आधी सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात त्या घरातल्या मायलेकींनी, सुरेखा आणि प्रियंका यांनी, आरोपींना ओळखले होते. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव त्यांच्या घरावर आला. अरबीचा विद्यार्थी म्हणून मला त्या दोघींविषयी सांगायचे ते एवढेच की त्यांनी पाहिले आणि सांगितले. गावात त्या संध्याकाळी डोळ्यांची कमतरता नव्हती. खैरलांजीविषयी वाचताना मला सूरह बुरूज आठवते. तिच्या आरंभीच शाहिद आणि मशहूद यांची शपथ आहे. मग खंदकवाल्यांचा उल्लेख येतो. त्यांनी खंदकात आग पेटवली, तिच्या काठावर ते बसले आणि ईमानवाल्यांशी जे केले जात होते ते पाहत राहिले. त्यांच्या या पाहण्यासाठीही कुरआनने तेच शब्दकुळ वापरले आहे : शुहूद. आणि दोनच आयतींनंतर अल्लाह प्रत्येक गोष्टीवर शहीद आहे, असे सांगितले आहे. म्हणजे काठावर बसून पाहणाऱ्यांवरही कोणाची तरी दृष्टी होती. त्यांचे पाहणे त्यांच्याच गुन्ह्यात धरले गेले.

पण काठावरचा प्रत्येक जण सारखाच गुन्हेगार असतो काय? येथे घाईने उत्तर देऊ नये. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीचा प्रसंग आहे. तेथे तीन गट होते. काहींनी शनिवारची मर्यादा मोडली. काहींनी त्यांना रोखले. आणि काही जण रोखणाऱ्यांनाच म्हणत होते की ज्यांचा नाश अटळ आहे त्यांना उपदेश कशाला करता? कुरआन सांगते की रोखणारे वाचले आणि अत्याचारी पकडले गेले. तिसऱ्या गटाविषयी ते गप्प आहे. ही आयत वाचताना ह. अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) रडले, असे तफसीरच्या ग्रंथांत आले आहे. आपणही पुष्कळ वाईट पाहतो आणि काही बोलत नाही, मग आपले काय होणार, ही त्यांची चिंता होती. त्यांचे शिष्य इकरिमा म्हणाले की ते तिसरे लोक त्या कृत्याला वाईट मानत होते, त्यांच्या बोलण्यातूनच ते दिसते. मग ते वाचले नसतील काय? इब्ने अब्बासांना (रजि.) हे इतके आवडले की त्यांनी इकरिमांना दोन जाड चादरी भेट दिल्या.

हाताने, जिभेने आणि ते शक्य नसेल तर हृदयाने वाईटाला विरोध करण्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यातली तिसरी पायरी दुर्बलासाठी सवलत आहे आणि इकरिमांचा आधार तीच आहे. मी ती नाकारीत नाही. पण बसमध्ये माझी जीभ दुर्बल नव्हती, फोनवर तीन आकडे दाबणारे बोटही दुर्बल नव्हते. सवलत खरी आहे, पण ती मला लागू होती की नाही, हे मलाच स्वतःला विचारावे लागते. त्या दोन चादरींतली एखादी मला मिळाली असती, असे मला वाटत नाही.

पाहण्याची दुसरी बाजूही आहे. इस्लाम प्रत्येक पाहिलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडायला सांगत नाही. एक माणूस प्रेषितांच्या (स.) हुजऱ्यात भोकातून डोकावला, तेव्हा त्यांनी फार तीव्र नापसंती दाखवली आणि आत येण्यासाठी परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, असे सांगितले. जो दुसऱ्याची लाज झाकतो त्याची लाज अल्लाह झाकील, हे वचनही आपल्याला ठाऊक आहे. कोणाचा खाजगी दोष दिसला तर झाकायचा, कोणावर जुलूम होताना दिसला तर सांगायचे. आजचा मोबाईल नेमके उलटे करतो. अपघातातल्या माणसाचे फाटलेले कपडे, रक्त, रडणारी बाई, सर्व काही तो स्टेटसवर चढवतो आणि ट्रकचा क्रमांक मात्र कोणाला सांगत नाही. बघ्या पूर्वी निदान रिकाम्या हाताने उभा असे.

त्या मुलाचा शब्द माझ्या मनात घोळत असतानाच्या एका जुम्म्याला मी यातले थोडे खुत्ब्याआधीच्या बयानात सांगितले. नमाजनंतर तोच मुलगा थांबला. सर्व जण गेल्यावर त्याने सांगितले की दोन महिन्यांपूर्वी एका वळणावर गाडीने स्कूटीवाल्या बाईला उडवले, तेव्हा तो मित्रांबरोबर तेथे होता. त्याने चित्रण केले आणि स्टेटसवर ठेवले. "आज बयान ऐकलं, अन् आत्ताच वजूखान्याजवळ काढून टाकलं, मौलाना. तौबा केली."

मी विचारले, "स्टेटसवरून काढलंस की फोनमधूनही?"

"स्टेटसवरून तं ते तवाच गेलं. आता फोनमधूनबी काढलं."

"त्यात गाडीचा नंबर होता?"

तो गप्प झाला. नंबर होता. मी त्याला म्हणालो की त्या बाईची लाज झाकलीस, चांगले केलेस, पण तिचा हक्क पुसलास. त्याने मान खाली घातली. मग अचानक आठवल्यासारखे त्याने फोन काढला आणि पुसलेल्या चित्रांची जी पेटी असते, तिच्यात शोधू लागला. ते अजून तेथे होते.

तो शनिवारी वडिलांना घेऊन आला. वडील घाबरलेले होते आणि मला न आवडणारे दोन-चार शब्द बोलले. त्यांच्या जागी मीही बोललो असतो. अखेर आम्ही तिघे ठाण्यात गेलो. हवालदारांनी आम्हाला बसायला सांगितले, चित्रण पाहिले, पुन्हा पाहिले. मग कागद ओढून मुलाचा जबाब लिहायला घेतला. 'मी समक्ष पाहिले' या शब्दांपाशी ते थांबले आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "समक्ष म्हणजे तू सोता पाह्यलं ना?"

मुलगा म्हणाला, "हो, म्याच पाह्यलं."